गॅस फायरचा कागद मिळाला, सर्व्हिसिंगचं काय?

इंग्लंडमध्ये नव्याने भाड्याचं घर घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. बैठकीच्या खोलीत जुन्या शेकोटीच्या जागी गॅस फायर, म्हणजे खोली गरम करणारी गॅसची शेगडी असेल, तर त्याचं काम थंडीच्या आधी उरकून घ्या. पहिला गारठा पडला की इंजिनिअर लवकर मिळत नाहीत.

लँडलॉर्ड गॅस सेफ्टीचा कागद देतो, आपण तो फाईलला लावतो आणि निर्धास्त होतो. ही चूक आपली शिकलीसवरली माणसं सर्रास करतात. गॅस सुरक्षेच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे दर १२ महिन्यांनी तपासणी करून घेणं लँडलॉर्डला बंधनकारक आहे. नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी तो कागद मिळाला पाहिजे, जुन्याला तपासणीनंतर २८ दिवसांत. मात्र तपासणीत फायर त्या दिवशी सुरक्षित चालतो का, एवढंच पाहतात. आतली साफसफाई हे सर्व्हिसिंगचं काम, आणि ते वेगळं सांगावं लागतं. फायर लँडलॉर्डचा असेल तर तो सुस्थितीत ठेवणं त्याचीच जबाबदारी आहे, तेव्हा ईमेल करून स्पष्ट मागा. इथले नियम चांगले आहेत, पण गप्प बसणाऱ्याला त्यांचा उपयोग होत नाही. आपल्याकडची भीड इथे बाजूला ठेवा.

सर्व्हिसिंग झालं की नाही, हे घरात बसून ओळखता येतं. शेकोटीत बसवलेला फायर जागेवरून बाहेर काढलाच नाही, तर ते सर्व्हिसिंग नव्हे. फायरच्या मागे, चिमणीच्या तळाशी मोकळी जागा असते. वरून पडलेले विटांचे तुकडे, चुना, काजळी, पक्ष्यांच्या घरट्यांतल्या काड्या तिथे साठतात. ती जागा भरली की जळालेल्या वायूची वाट तुंबते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिनिअरने तो कचरा काढायचा, बर्नर आणि पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) साफ करायचा, मागची पत्र्याची प्लेट नीट सील करायची आणि शेवटी दारं-खिडक्या लावून धुराची काडी फायरच्या वरच्या कडेशी धरून बघायची. धूर आत ओढला गेला पाहिजे. ही चाचणी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवूनही करायला सांगा. आपल्या घरांत फोडणीच्या वेळी तो पंखा जोरात चालतो, आणि चिमणीतून वर जाणारा वायू तो उलटा खोलीत ओढू शकतो.

माणूस बोलावताना गॅस सेफ रजिस्टरचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं कार्ड बघा. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं; जुनी मंडळी अजून कॉर्गीच म्हणतात. कार्ड उलटं करून मागची बाजू वाचा. कोणत्या उपकरणांचं काम तो करू शकतो, ते तिथे लिहिलेलं असतं. बॉयलरवाल्याकडे गॅस फायरची पात्रता असेलच असं नाही. ‘आपल्यातलाच एक जण आहे, निम्म्या पैशात करतो’ असं कोणी सांगितलं, तरी तो नोंदणीकृत नसेल तर दारातूनच परत पाठवा. नोंदणीशिवाय असं काम करणं इथे बेकायदा आहे.

तुम्ही स्वतः फक्त बाहेरची चौकट पुसा, तीही फायर आणि पायलट बंद करून, सगळं गार झाल्यावर. आतले नकली कोळसे हलवू नका. ते पुस्तिकेतल्या क्रमानेच ठेवायचे असतात. क्रम बिघडला की काजळी धरते. त्यांवर व्हॅक्यूम क्लीनरही फिरवू नका.

कोळशांचा देखावा असलेल्या फायरची ज्योत मुळातच पिवळसर असते, त्यामुळे नुसत्या रंगावरून घाबरू नका. वरच्या भिंतीवर काळे किंवा तपकिरी डाग दिसले, तर मात्र वापर थांबवा. पायलट वारंवार विझत असेल तर पुन्हा पुन्हा पेटवत बसू नका. खोलीतला प्राणवायू कमी झाला की गॅस तोडणारी सोय बऱ्याच फायरमध्ये असते, आणि पायलट त्यामुळेच विझत असू शकतो.

आणि भिंतीतला व्हेंट, म्हणजे हवा आत येण्यासाठी ठेवलेला झरोका! गार वारा येतो म्हणून आपल्या कितीतरी घरांत तो वर्तमानपत्र कोंबून, वर टेप लावून बंद केलेला मी पाहिला आहे. लहान मुलं त्याच खोलीत झोपलेली असतात. कृपा करून आजच तो मोकळा करा. थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर घाला, पण व्हेंट बंद करू नका.

१ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये गॅस फायर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं लँडलॉर्डला बंधनकारक आहे. अलार्म वाजला, किंवा घरात सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय असं झालं, तर फायर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि गॅसच्या आणीबाणीसाठी असलेल्या ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. कोणी बेशुद्ध पडलं तर रुग्णवाहिकेसाठी थेट ९९९.