ऑनलाइन प्रशिक्षण वर्गात कसे उतरवावे : नव्या अध्ययन निष्पत्ती शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

अभ्यासक्रमाचे निकष बदलले की शिक्षकाच्या फोनवर प्रशिक्षणाची लिंक येते. व्हिडिओ, त्याखाली बहुपर्यायी प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. अशी प्रशिक्षणे मीही केली. पहिल्या वेळी प्रमाणपत्र मिळाले, पण दुसऱ्या दिवशी वर्गात काय वेगळे करायचे हे मला कळत नव्हते. व्हिडिओ चांगले होते. माझी सुरुवात चुकली होती. मुलांच्या वह्या न बघताच मी लिंक उघडली होती.

१. एकच निष्पत्ती निवडा

आपल्या इयत्तेच्या आणि विषयाच्या निष्पत्तींचा, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवे याच्या यादीचा, कागद छापून घ्या. येत्या दोन-तीन आठवड्यांत जो घटक शिकवायचा आहे, त्यातली फक्त एक निष्पत्ती घ्या आणि तिच्यातले क्रियापद अधोरेखित करा. 'ओळखतो', 'तुलना करतो', 'कारण स्पष्ट करतो' ही तीन वेगळी कामे आहेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक, म्हणजे ज्ञान आणि विचारांशी संबंधित, उद्दिष्टांच्या सहा पातळ्या मांडल्या. २००१ च्या सुधारित मांडणीत त्यांना क्रियापदांची नावे मिळाली : आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्मिती करणे. प्रशिक्षणार्थी असताना आपण हे परीक्षेपुरते पाठ केलेले असते. त्याचा खरा उपयोग इथे होतो.

अपूर्णांकांचेच बघा. 'मोठा अपूर्णांक ओळखा' एवढेच अपेक्षित असेल, तर छेद समान करण्याची रीत पाठ असलेले मूल पास होते. निष्पत्ती 'तुलना करून कारण स्पष्ट करतो' अशी असेल, तर त्याच मुलाला आणखी पुढे न्यावे लागते.

२. काहीही न शिकवता एक प्रश्न विचारा

'१/२ मोठा की १/३? का?' प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, नावासह. मग चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा : उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, आणि उत्तरच चूक. तिसऱ्या गठ्ठ्यात 'तीन मोठे म्हणून १/३ मोठा' हे हमखास सापडेल. याला निष्काळजीपणा समजू नका. पूर्ण संख्यांबद्दल जे नीट शिकले, तेच मूल इथे लावत असते.

आता वहीत एक प्रश्न लिहा : 'छेद वाढला की भाग लहान होतो, हे मुलांना स्वतःला दिसेल असे मी काय करू?' याचे उत्तर शोधायलाच प्रशिक्षणाला बसायचे.

३. कोर्स पारखून घ्या

निवडीची मुभा असेल तर प्रत्यक्ष वर्ग आणि मुलांनी सोडवलेले नमुने दाखवणारा, वर्गात करून पाहायचे काम देणारा कोर्स घ्या. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल हेच मांडले : माहिती, प्रात्यक्षिक, सराव आणि प्रतिसाद एवढे सगळे मिळाले तरी नवी पद्धत वर्गात रुजायला सहकाऱ्याची सोबत लागते. बहुतेक ऑनलाइन कोर्स पहिल्या दोन गोष्टींपाशी थांबतात. कोर्स सक्तीचा असेल तर उरलेल्या तीन गोष्टी आपल्यालाच उभ्या कराव्या लागतात. त्या कशा, ते पुढे येतेच.

४. पाहणे

एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटे पुरे. घरकाम करता करता किंवा दीडपट वेगाने व्हिडिओ लावून ठेवू नका. आपल्या प्रश्नाशी जुळणारे काही आले की थांबवा आणि त्याची वेळ नोंदवा. दोन दिवसांनी व्हिडिओ न पाहता आठवेल ते लिहा. शिकलेले सुरुवातीला किती झपाट्याने विसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते.

५. आठवड्याच्या आत वर्गात करून पाहा

या पायरीवर घाई करू नका. एका तासिकेचे टाचण नव्याने लिहा. त्यात मुले काय करतील ते आधी येऊ द्या : सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, एकीची दोन सारख्या भागांत घडी, दुसरीची तीन, मग एकेक भाग शेजारी ठेवून बघणे. त्याखाली तुम्ही विचाराल ते प्रश्न शब्दशः लिहा. ऐन वेळी सुचणारा प्रश्न बहुतेकदा 'कळलं का?' हाच असतो, आणि त्याला सगळा वर्ग 'हो' म्हणतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकातल्या अभ्यासात आढळले. ही वेळ तीन सेकंदांवर गेली की मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. 'कारण स्पष्ट करतो' ही निष्पत्ती त्या तीन सेकंदांशिवाय साध्य होणार नाही असे मला वाटते. मनात एक, दोन, तीन मोजा. पहिल्या दिवशी ती शांतता फार जड जाते.

एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसायला बोलवा. त्यांनी तुमचे गुणदोष लिहायचे नाहीत, मुले काय बोलली तेवढेच शब्दशः टिपायचे. जपानमध्ये शिक्षकांनी मिळून पाठ आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडे पाहायचे आणि नंतर एकत्र चर्चा करायची, ही 'जुग्यो केन्क्यू' पद्धत शतकाहून जुनी आहे. आपल्याला सुरुवातीला दोघे पुरतात. सहकाऱ्याला तासिका मोकळी नसेल तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने फोनवर फक्त आवाज ध्वनिमुद्रित करा आणि दोघे मिळून ऐका.

६. तोच प्रश्न पुन्हा

आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या संख्या घालून द्या : '१/४ मोठा की १/६? का?' गठ्ठे पुन्हा करा आणि कोणते मूल कुठून कुठे सरकले ते बघा. घटक चाचणीतही एक गुण उत्तराला आणि एक कारणाला ठेवा. चाचणी जुन्याच पद्धतीची राहिली, तर कारण सांगण्याला किंमत नाही हे मुले लगेच ओळखतात.

प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवा, सेवा-नोंदीला लागते. तिसऱ्या गठ्ठ्यात अजूनही चिठ्ठ्या उरल्या असतील तर त्यातल्या दोन, नावे झाकून, कोर्सच्या चर्चागटात टाका आणि विचारा : 'या मुलांसाठी तुम्ही पुढे काय कराल?'