लेझरला जाण्याआधी गोंदण दाखवा

हनुवटीवरचे केस काढायला लेझरला जायचं ठरवलंय? मग आधी भर उजेडात आरशासमोर उभ्या राहा आणि अंगावर शाई कुठे कुठे आहे ते शोधा. मोठा टॅटू कुणी विसरत नाही. विसरतो ते लहानपणचं हिरवट गोंदण, भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने त्वचेत भरलेला रंग), कॅन्सरवरच्या रेडिएशनच्या वेळी केलेल्या बारीक खुणा. सगळ्यांचे फोटो मोबाइलवर ठेवा.

माझ्या हनुवटीवर आजीने जत्रेत गोंदवून घेतलेला तिळाएवढा ठिपका आहे. पार्लरमध्ये कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. पहिल्याच झटक्याला कळ गेली, ठिपका पांढरा पडला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर तांदळाएवढा फोड आला. केस काढणारं लेझर केसाच्या मुळातलं मेलॅनिन, म्हणजे काळसर रंगद्रव्य, तापवतं. गोंदणाची शाई तोच प्रकाश त्याहून कितीतरी जास्त शोषते आणि भोवतालची कातडी भाजते. केस काढायचं यंत्र कुठलंही असो, डायोड लेझर, अलेक्झांड्राइट लेझर की आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झटके देणारं), गोंदणावर चालवू द्यायचं नाही. ठिपका झाकायचा आणि आजूबाजूचीही थोडी जागा सोडायची. तिथले चार केस राहिले तर राहू देत.

गोंदणच काढायचं असेल तर यंत्र वेगळं, अगदी क्षणिक झटके देणारं क्यू-स्विच्ड किंवा पिको लेझर. आपल्या सावळ्या त्वचेवर काळ्या शाईसाठी सहसा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, कारण त्वचेतलं मेलॅनिन तो प्रकाश कमी शोषतं. कोणतं यंत्र आहे हे विचारायला संकोच करू नका. भुवया-ओठांच्या रंगात आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर लेझरने तो काळा पडू शकतो, म्हणून आधी छोट्याशा जागी चाचणी मागाच. लाल शाई खाजत असेल, टॅटूत तीळ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधी ते दाखवा.

उन्हात रापलेली त्वचा घेऊन जाऊ नका. केस काढायचे असतील तर आधीचे काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. आदल्या दिवशी फक्त रेझर. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, जखमेचे व्रण फुगत असतील, दिवस गेले असतील, तर तेही सांगा. बधिर करणारं मलम मनाने थापू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नका.

पिशवीत सुती ओढणी आणि व्हॅसलिन असू द्या. फोड आलाच तर फोडू नका, हळद-टूथपेस्ट काही लावू नका, सरळ डॉक्टरांना फोन करा. तो नंबर निघण्याआधीच सेव्ह करून ठेवा.