इंदूरमध्ये पॅलेस्टाईनसाठी काही करायचं असेल तर: दुसुती, ज्ञापन आणि आवक शाखा

पॅलेस्टाईनच्या बातम्या बघून जीव तुटतो, पण हात स्टेटस टाकण्यापलीकडे जात नाही, असं म्हणणारे इंदूरच्या मराठी घरांत मला बरेच भेटतात. ‘ताई, पुढे करायचं काय?’ असं विचारतात, म्हणून हे लिहिते आहे. मी बँकेतून निवृत्त झालेली, रामबागेत राहते. ना पक्षाची, ना संघटनेची. आमचा गट म्हणजे शेजारपाजारच्या बायका, पोस्टाची तिकिटं जमवणारे एक काका आणि परीक्षा नसेल तेव्हा येणारी कॉलेजची मुलं. मोठे मोर्चे ज्यांना जमतात त्यांनी काढावेत. घरच्या घरी माणसं कशी जमवायची, तेवढं मी सांगू शकते.

सुरुवात दुपारच्या बैठकीने करा आणि बैठकीत हाताला काम द्या. नुसती चर्चा ठेवलीत तर चहा यायच्या आत हिंदू-मुसलमान सुरू होतं आणि दोघी-तिघी ‘दूधवाला येईल’ म्हणून उठतात. आम्ही भरतकाम धरलं. पॅलेस्टिनी बायकांचं भरतकाम, ज्याला तिकडे ‘ततरीज’ म्हणतात, ते बहुतेक फुलीच्या टाक्याचं असतं. आपल्या आया-मावश्यांनी शाळेत दुसुतीच्या जाड सुती कापडावर घातला, तोच टाका. २०२१ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारसा यादीत घेतली. १९४८ पूर्वी बाईच्या झग्यावरचे नमुने आणि रंग बघून ती कुठल्या भागातली, पुष्कळदा कुठल्या गावची, हेही ओळखता यायचं. त्या वर्षी सात लाखांवर लोक बेघर झाले, शेकडो गावं उठली. नमुने मात्र बायकांच्या बोटांबरोबर छावण्यांत गेले. हे सांगायला भाषण लागत नाही. टाका घालता घालता कुणीतरी विचारतंच, ‘हे गाव आता कुठे आहे गं?’ मग नकाशा काढायचा.

दुसुती शीतलामाता बाजारात किंवा राजवाड्याजवळच्या शिवणसामानाच्या दुकानांत मिळते. हातरुमालाएवढा तुकडा पुरे. लाल आणि काळा धागा घ्या. अँकरची लडी सहा पदरी असते, त्यातले दोनच पदर सुईत ओवायचे. कापडाची चौघडी घालून मध्य काढा आणि तिथूनच सुरुवात करा, कडेकडून केलीत तर नमुना हमखास एका बाजूला सरकतो. पहिल्यांदा सरूचं झाड घ्या. तो तिकडचा जुना नमुना, आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून सहज उतरतो. एक आडवी ओळ जाताना अर्ध्या फुल्या, येताना त्या पुऱ्या. वरचा पाय सगळ्या फुल्यांचा एकाच दिशेला हवा. गाठ मारायची नाही, धाग्याचं शेपूट मागच्या टाक्यांखाली दाबायचं. आमच्या वहिनी शाळेत शिवण शिकवायच्या. त्या अजूनही रुमाल हातात घेतला की आधी उलटा करून बघतात.

हात चालू असताना एकीने वाचायचं. एक-दोन पानं, जास्त नाही. त्यात एखादी गोष्ट अशी हवी की जी हातातल्या कामाला येऊन भिडते. उदाहरणार्थ, १९६७ नंतर ताब्यातल्या प्रदेशात पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी होती. १९८७ चा उठाव झाला तेव्हा बायकांनी झेंड्याचे चार रंग आपल्या झग्यांवरच भरून घेतले. हे वाचलं त्या दुपारी वहिनींनी हिरव्या धाग्याची लडी मागवली.

आकडे वाचताना तारीख आणि मोजणारा कोण, दोन्ही सांगा. ‘गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत जुलै २०२५ च्या अखेरीस मृत ६० हजारांच्या वर’ असं म्हटलं की समोरचा निदान ऐकून तरी घेतो. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट दुसऱ्याने काढायची वाट बघू नका. त्या दिवशी इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. ते आपणच आधी म्हणायचं. ते गिळून बाकीचं सांगणाऱ्यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही.

ज्यू लोकांबद्दल वाकडा शब्द आला की बैठक तिथेच थांबवा. कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ इस्रायलला गेले आणि त्यांच्या घरांत तिकडेही मराठी ऐकू येते. आपलं भांडण एका सरकारच्या वागण्याशी आहे. ‘इथलं दुःख काय कमी आहे?’ हा प्रश्न तर प्रत्येक वेळी येतो. वाद घालू नका. बडवानीकडे नर्मदेच्या बुडितातल्या लोकांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे, त्या कामाला हे विचारणाऱ्यांना तारीख-वार सांगून बोलवा. आले तर दोन्ही कामांना माणूस मिळाला.

चार-पाच बैठका झाल्या की ज्ञापन, म्हणजे लेखी निवेदन, द्या. राष्ट्रपतींच्या नावे, कलेक्टरांमार्फत. एक पान, हिंदीत, मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. घोषणांची भाषा टाळा आणि भारताच्या स्वतःच्या भूमिकेवर पाय रोवा. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं, १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून. अलीकडचं हवं तर १२ जून २०२५ ला गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो आणि १२ सप्टेंबरला दोन राष्ट्रांच्या तोडग्याला बाजूने मत दिलं. आमच्या ज्ञापनाची पहिली मागणी हीच होती, की सप्टेंबरची भूमिका टिकवा. काकांनी १९८१ चं एक रुपयाचं तिकीट आणलं होतं, भारत आणि पॅलेस्टाईनचे झेंडे शेजारी-शेजारी असलेलं, आपल्याच डाक विभागाने काढलेलं. त्याची रंगीत झेरॉक्स जोडा. दहा वाक्यांनी होत नाही ते त्या चिटोऱ्याने होतं.

मोती तबेल्याच्या कलेक्टोरेटमध्ये मंगळवारी जाऊ नका. तो जनसुनवाईचा दिवस, लोक पेन्शन आणि जमिनीच्या पट्ट्यांची भांडणं घेऊन रांगेत उभे असतात, त्यात आपण गर्दी करू नये. बाकी कुठल्याही दिवशी तीन प्रती न्या. आवक शाखेत, म्हणजे बाहेरून आलेले कागद घेतात तिथे, एक द्या, दुसरीवर नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, होऊन जाईल’ म्हणतील. शिक्क्याशिवाय हलू नका. तिसरी प्रत खासदारांच्या कार्यालयात.

रस्त्यावर उभं राहायचं असेल तर रीगलचा गांधी पुतळा ही या शहराची सवयीची जागा. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं. ते वाक्य फलकावर शोभतं. पण आधी कागद करा. इंदूरला पोलीस कमिशनर आहेत, परवानगीचा अर्ज त्यांच्याकडे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते बघा. तो मोडला तर न्याय संहितेचं २२३ लागतं. अर्जात जागा, वेळ, माणसं आणि फलकांवरचा मजकूर लिहा, माइक नाही म्हणून लिहा. अर्ज ज्याच्या नावे, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याच नावे हवा. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावरच्या निदर्शनाची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा पोलिसांकडे अर्ज एका संस्थेचा आणि कोर्टात आलेला पक्ष दुसराच, हाही मुद्दा निघाला होता. परवानगी नाकारली तर लेखी मागा आणि त्या दिवशी घरीच बसा. कोर्टाच्या चकरा मारायची तयारी नसलेल्या माणसाला, विशेषतः नोकरी शोधणाऱ्या मुलांना, ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून रस्त्यावर नेऊ नये.

हॉल घेताना कार्यक्रमाचं खरं नाव सांगा. एका संस्थेने आम्हाला ‘भरतकामाचं प्रदर्शन म्हणा, पॅलेस्टाईन नको’ असं सुचवलं. आम्ही हॉल सोडला आणि एका घराच्या गच्चीवर दोरीला रुमाल लावले, प्रत्येकाखाली एका गावाचं नाव. दिवस २९ नोव्हेंबरचा धरा. राष्ट्रसंघाने १९७७ पासून तो पॅलेस्टिनी जनतेसाठी ठेवला आहे आणि हवाही छान असते. १५ मे हा नकबाचा, म्हणजे १९४८ च्या त्या विस्थापनाचा, दिवस, पण तेव्हा आपल्याकडे गच्ची तापलेली असते. संध्याकाळी सातनंतर, ताक ठेवून.

आता पैसे. इथे मी बँकवालीसारखीच बोलणार. गटाच्या नावाने वर्गणी गोळा करू नका, कुणाच्या खासगी क्यूआरवर तर नाहीच. ‘मी गाझातून बोलतोय’ असे मेसेज येतात, त्यांतला खरा कुठला ते मोबाईलवर कळत नाही. बाहेरून कुणी गटाला पैसे देऊ केले, तर शंभर रुपयेही घेऊ नका. परदेशी देणगीचा २०१० चा कायदा कडक आहे. ज्याला द्यायचे त्याने स्वतः, आपल्या खात्यातून, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रसंघाच्या यूएनआरडब्ल्यूएला थेट द्यावेत. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावा लागतो. बँकेतून पाठवायचे तर पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो, कारणाच्या रकान्यात ‘देणगी’ लिहायचं. आयकरात ८०-जीची सूट मिळत नाही, काउंटरवर त्यावरून वाद घालू नका. कुणी किती दिले हे बैठकीत विचारायचं नाही. पावती ज्याची त्याने ठेवावी.