ब्रेस्ट पंप घेताना: फ्लँजचं माप, व्हॉल्व्ह आणि दूध घरी पोचवायची सोय

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये बाळाच्या सामानाच्या दुकानात शिरलं की विचारलं जातं, "सिंगल दाखवू की डबल?" त्याआधी दोन गोष्टी आपल्याला ठाऊक हव्यात: बाळापासून रोज किती तास लांब राहायचंय आणि आपल्या फ्लँजचं माप किती. फ्लँज म्हणजे छातीला लागणारा नरसाळ्यासारखा भाग. मोटर कितीही भारी घेतली तरी हे माप चुकलं की दूध कमी निघतं, वर दुखतं ते वेगळंच.

डोहाळजेवणाला कुणी पंप देणार असेल तर बिल मागून ठेवा आणि खोक्याचं सील गरज पक्की होईपर्यंत फोडू नका. उघडलेला पंप दुकानदार सहसा परत घेत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो तसाही फारसा कामाचा नाही. चिकाचं दूध घट्ट असतं, थेंबाथेंबाने येतं आणि पंपाच्या आतच चिकटून राहतं. ते हाताने पिळून थेट उकळलेल्या चमच्यात किंवा वाटीत घ्यावं. बाळ नीट ओढत असेल तर पहिला महिनाभर पंपाची घाई नको. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर मात्र उलट: पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची, आणि नर्सकडून हाताने दूध कसं पिळायचं ते शिकून घ्यायचं.

तासांवरून पंप

घरीच असाल आणि कधीमधी दोन-तीन तास बाहेर जायचं असेल तर हाताने दाबायचा पंप पुरतो. भाग चार-पाच, आवाज नाही, वीज गेली तरी अडत नाही.

ऐरोली, महापे किंवा मुंबईत नोकरी असेल आणि रोज नऊ-दहा तास घराबाहेर जात असतील, तर डबल इलेक्ट्रिक घ्या. दोन्ही बाजू एकदम १५ ते २० मिनिटांत होतात. सिंगलवर तेच काम ३५-४० मिनिटं खातं, आणि दिवसातून तीनदा तेवढा वेळ कुठलंच ऑफिस आनंदाने देत नाही. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी वेगळा वेळ मिळतो. एचआरशी बोलताना हे ठामपणे सांगावं.

बाळ अंगावर ओढतच नसेल किंवा दवाखान्यात असेल, तर २४ तासांत निदान आठ वेळा पंप लागतो, त्यातला एक रात्री. इथे हॉस्पिटल ग्रेड पंप, म्हणजे दवाखान्यात वापरतात तसा दणकट मोटरचा, भाड्याने घेणं शहाणपणाचं. मोटर भाड्याची, पण फ्लँज, नळ्या, व्हॉल्व्ह हा किट नवा आणि आपलाच.

किती दूध लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली पितं, म्हणजे तासाला अंदाजे ३० मिली. सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी साडेसहाला परत, तर ३०० मिली. शंभर-शंभरचे तीन भाग. घरी बाळाला पाजून झाल्यावर पंप लावला आणि ३० मिलीच निघालं, तर ते नेहमीचंच आहे. त्यावरून "दूध आटलं" असा निष्कर्ष घरात कुणी काढू लागलं तर काढू देऊ नका. बाळ पंपापेक्षा बरंच जास्त ओढून घेतं.

माप: पट्टी आणि दोरा

पंपाच्या खोक्यात बहुतेक वेळा २४ किंवा २७ मिलिमीटरचा फ्लँज येतो. अनेक बायकांना तो मोठा पडतो. माप घ्यायचं ते स्तनाग्राच्या बुडाच्या जाडीचं. भोवतालचं काळं वर्तुळ यात धरायचं नाही, आणि मोठा फ्लँज घेण्याची चूक बहुतेक इथेच होते. बोटाने हलकं चोळून स्तनाग्र वर आलं की मोजा. पाजून झाल्यावर लगेच मोजू नका, तेव्हा ते ताणलेलं असतं.

कंपासपेटीतली पट्टी चालते, पण शून्याच्या आधी तिला थोडी मोकळी जागा असते, तिथून मोजलं की दोन-तीन मिलिमीटर चुकतात. त्यापेक्षा शिवणाचा दोरा बरा. बुडाभोवती सैलसर एक वेढा द्या, जिथे टोक मिळतं तिथे पेनने खूण करा, दोरा सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा ५३ मिलिमीटर भरला तर जाडी झाली साधारण १७. फ्लँज त्या मापाइतका किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा, म्हणजे इथे १७ ते २०. खोक्यातला २४ चा फ्लँज टाकून द्यायला नको; त्यात बसणारा १९ चा सिलिकॉन इन्सर्ट मिळतो. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, फरक असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत माप बदलतं, म्हणून महिन्याभराने पुन्हा मोजा.

बरोबर बसलाय का, ते पंप चालू असताना दिसतं. स्तनाग्र बोगद्यात, म्हणजे फ्लँजच्या अरुंद नळीत, मोकळेपणी पुढेमागे जायला हवं, काळ्या भागाचा अगदी थोडा अंशच आत यावा. काळा भाग ओढला जाऊन सुजत असेल, पंपानंतरही छाती जड वाटत असेल तर फ्लँज मोठा आहे. स्तनाग्र कडांना घासतंय, टोक पांढरं पडतंय, तर लहान. कोरडं घासत असेल तर बोगद्याच्या तोंडाला खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न आपण विचारायचा: या पंपाचे फ्लँज किंवा इन्सर्ट कोणकोणत्या मापात आहेत, आणि सुटे मिळतात का? दुसरा प्रश्न व्हॉल्व्हचा.

दोनशे-तीनशे रुपयांचा रबरी तुकडा

फ्लँजच्या खाली बदकाच्या चोचीसारखा मऊ सिलिकॉनचा भाग असतो, तो डकबिल व्हॉल्व्ह. मोटर ओढते तेव्हा चोच मिटते आणि पोकळी तयार होते. सोडते तेव्हा चोच उघडून दूध बाटलीत पडतं. चोचीची फट ताणून सैल झाली की मोटर तितक्याच जोरात आवाज करते, पण ओढ छातीपर्यंत पोचत नाही. "पंप बिघडला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष पुष्कळदा इथेच सापडतो. दिवसातून तीन-चारदा वापर असेल तर चार ते आठ आठवड्यांनी हा बदलायचा. पंप विकत घेतानाच दोन जादा व्हॉल्व्ह घेऊन ठेवा. ज्या पंपाचा व्हॉल्व्ह जवळच्या दुकानात किंवा दोन-तीन दिवसांत ऑनलाइन मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. धुताना चोचीत ब्रश किंवा नख घालायचं नाही. पाण्याखाली धरून दोन बोटांनी हलकं दाबलं की पुरे.

दुसरा भाग बॅकफ्लो प्रोटेक्टर, दूध आणि हवेची नळी यांच्यामधला पडदा. तो असेल तर पंप क्लोज्ड सिस्टिमचा. ओपन सिस्टिममध्ये दुधाचे तुषार नळीतून मोटरपर्यंत जाऊ शकतात, आणि आपल्या दमट हवेत तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. आत गेलेलं बाहेरून धुता येत नाही. नणंदेचा, मैत्रिणीचा वापरलेला पंप घेऊ नये तो याच कारणाने. शिवाय झिजलेली मोटर बाहेरून ओळखू येत नाही.

खोक्यावरचा एमएमएचजीचा (ओढ मोजायच्या एककाचा) मोठा आकडा पाहून भुलू नका. ओढ जास्त म्हणजे दूध जास्त असं नसतं. दुखलं की पान्हा उलट अडतो. पहिली दोन मिनिटं जलद आणि हलकी गती ठेवा, पान्हा फुटला की संथ आणि खोल. ओढ एकेक पायरी वाढवा, टोचायला लागली की एक पायरी खाली या. तीच आपली पायरी.

ब्राच्या आत बसणारे वेअरेबल पंप मीटिंगमध्ये आणि घरकामात सोयीचे आहेत, हे खरं. पण स्तनाग्र मध्यभागी बसलंय की नाही ते दिसत नाही, वाकलं की दूध सांडतं, कपात साधारण १५०-१८० मिलीच मावतं आणि धुवायचे भाग जास्त. दूध बसून स्थिर झालेलं असेल तर दुसरा पंप म्हणून चालेल. एकमेव पंप म्हणून, तेही पहिल्या दोन महिन्यांत, नको.

घ्यायचं आणि सोडायचं

फ्लँज-व्हॉल्व्हचे दोन संच, सपाट झाकणाच्या चार बाटल्या, दूध साठवायच्या पिशव्यांचं एक पाकीट, बर्फाच्या दोन पॅकसकट इन्सुलेटेड बॅग, वेगळा ब्रश, वेगळं टोपलं. हात मोकळे ठेवणारी पंपिंग ब्रा हवीच, किंवा जुन्या स्पोर्ट्स ब्राला दोन भोकं पाडा. यूव्ही स्टरिलायझर आणि बॉटल वॉर्मर यांच्यावाचून काही अडत नाही.

भांडी घासायच्या सिंकमध्ये पंपाचे भाग टाकू नका, तिथल्या स्पंजवर कालच्या आमटीचं तेल असतं. प्रत्येक वापरानंतर गार पाण्याने विसळा, मग वेगळ्या टोपल्यात साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. दिवसातून एकदा पातेल्यात पाच मिनिटं उकळा. पातेल्याच्या तळाशी इडलीपात्राची जाळी ठेवा, नाहीतर प्लास्टिक तळाला टेकून वाकडं होतं. हवेची नळी आणि मोटर उकळायची नाहीत. नळीत वाफ दिसली तर पंप संपल्यावर नुसती नळी लावून मोटर दोन-तीन मिनिटं चालवा. पावसाळ्यात भाग वाळता वाळत नाहीत. ओलेच डब्यात कोंडले की वास येतो. स्वच्छ कपड्यावर पसरून पंख्याखाली ठेवा, झटकून पुसू नका.

लोकलमधून घरापर्यंत

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेच्या ठाण्यात एसीबाहेर हे तापमान कुठे मिळणार? तेव्हा काढलं की लगेच ऑफिसच्या फ्रिजमध्ये, तेही अपारदर्शक डब्यात नाव लिहून, म्हणजे चहाला दूध शोधणारा हात तिकडे जाणार नाही. बर्फाचे पॅक सकाळी नेऊन दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा. बॅगेतच राहिले तर संध्याकाळी पाणी झालेलं असतं. पूर्ण गोठलेल्या पॅकसोबत दूध इन्सुलेटेड बॅगेत २४ तासांपर्यंत राहतं, ट्रान्स-हार्बर लोकलचा (ठाणे-वाशी) प्रवास त्यात सहज बसतो. बाटल्या उभ्या, झाकणं घट्ट, आणि निपल लावलेली बाटली कधीही नाही, गर्दीत दाबली की गळते.

घरी फ्रिजमध्ये चार दिवस, आतल्या बाजूला, दारात नाही. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने. सिंगल डोअर फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र दोनच आठवडे धरा. पिशवीत ६० ते १०० मिलीच भरा, वर बोटभर जागा सोडा, तारीख लिहा आणि आडवी ठेवून गोठवा. ताजं कोमट दूध आधी थंड करून मगच गार दुधात मिसळा. साठा फारच झाला तर शेजारणीच्या बाळाला परस्पर देऊ नका. दूध पेढीत, म्हणजे आईचं दूध दान घेऊन गरजू बाळांना देणाऱ्या मिल्क बँकेत, विचारा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून आशियातली पहिली दूध पेढी आहे. अशा पेढ्या आईच्या तपासण्या करूनच दूध घेतात.

ओढ कमी वाटली तर

क्रम असा: नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, पडदा कोरडा आणि नीट बसलाय का, व्हॉल्व्हची चोच फाटली किंवा उघडी राहते का, बॅटरी उतरलीय का. फ्लँजचं तोंड तळहाताने बंद करून पंप चालू करा. हात खेचला गेला तर पंप ठीक आहे, फ्लँजचं माप पुन्हा पाहा. छातीत गाठ, लाली आणि ताप असेल तर पंप जोरात आणि वारंवार लावून "मोकळं" करायला जाऊ नका, सूज वाढते. डॉक्टरांना दाखवा.

दिवसा बाळाला सांभाळणाऱ्या आजींना एवढं दाखवून ठेवा: गोठलेली पिशवी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढायची आणि पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरायची. पाजण्याआधी वाटीतल्या कोमट पाण्यात ठेवायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय जमलेली दिसेल, ती गोल फिरवून मिसळायची. वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने पाजलं तरी चालतं. बाळाने अर्धं टाकलं तर उरलेलं दोन तासांत संपवायचं, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.