फ्रॉस्टच्या आधी कॅनोला कापायचा की उभा ठेवायचा?

कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये शेतावर पहिल्यांदाच कामाला आलेल्या आपल्या पोरांसाठी हे लिहितोय. इथे बरेच जण कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक) स्वॅथर नावाच्या कापणीच्या मशीनने कापून ओळींत पाडतात, दाणा तिथेच वाळतो आणि मग कम्बाइनने मळणी होते. शेंगा सहज न फुटणारं वाण असेल तर उभ्यानेच मळतात. पण सप्टेंबर उजाडला आणि मोबाइलवर तापमानाचा उणे आकडा दिसला, म्हणजे फ्रॉस्टची (पीक गोठवणाऱ्या थंडीची) चाहूल लागली, की सगळ्यांनाच स्वॅथर बाहेर काढायची घाई सुटते. मशीन राहू द्या, आधी पायी शेतात शिरा.

बांधावरून बघून काही कळत नाही. आतल्या चार-पाच जागी मुख्य खोडावरच्या खालच्या, मधल्या आणि शेंड्याच्या शेंगा सोला. खालच्या आधी पिकतात. दाण्यावर तपकिरी ठिपका जरी उमटला असेल तरी त्याने रंग बदलला असं धरायचं. मुख्य खोडावरच्या ६० टक्के दाण्यांनी रंग बदलला की कापणीची वेळ झाली. शेंड्याचा हिरवा दाणा दोन बोटांत फिरवा. टणक लागला तर ठीक, चिरडून पाणी निघालं तर कापल्यावर तो पोचट होणार. पीक विरळ असेल तर निम्मा माल फांद्यांवर असतो, तिथेही बघा. साधारण दर दोन-तीन दिवसांनी १० टक्के रंग पुढे सरकतो, उन्हात जास्त, गारठ्यात कमी.

आता फ्रॉस्टचं. सगळा खेळ दाण्यातल्या ओलीचा आहे. ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की दाणा सहसा तगतो. कापणीच्या वेळी ती ३०-३५ टक्के असते, आणि २०च्या खाली यायला ऊन-वाऱ्याचे किमान तीन दिवस लागतात. म्हणजे गुरुवारी रात्री थंडी येणार असेल तर सोमवारी ओळी पडलेल्या हव्यात. बुधवारी संध्याकाळी दिवे लावून कापण्यात डिझेल जाळण्यापलीकडे काही हाती लागत नाही. तीन दिवस मिळत नसतील तर मी पीक उभंच ठेवायला सांगतो. मालकाला ते पटवणं अवघड जातं, कारण काहीतरी केल्याचं समाधान मिळत नाही.

एवढी धडपड हिरवा दाणा टाळण्यासाठी. दाण्यातलं हरितद्रव्य जिरायला ओल लागते. कडक थंडीने दाणा मेला किंवा झटकन सुकला की हिरवा रंग आतच अडकतो आणि तेलात उतरतो. एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य खरेदीच्या कोठारावर, शंभर दाण्यांची पट्टी रोलरने चिरडून हिरवे मोजतात. पहिल्या प्रतीला २ टक्क्यांपर्यंत चालतात, दुसरीला ६, तिसरीला २०. म्हणून उणे ४-५ची खात्रीशीर सूचना असेल, हातात तीन दिवस असतील आणि दाणे टणक असतील, तर ६० टक्क्यांची वाट न बघता कापा. उतारा थोडा घटेल, पण प्रत वाचेल. उणे १-२ला तासाभरासाठी टेकणाऱ्या पाऱ्यासाठी मात्र हा तोटा घेऊ नका.

हवामान केंद्राचा थर्मामीटर उंचावर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री शेतातल्या खळग्यात पारा त्याहून खाली जातो, म्हणून स्वतःचा एक तिथे शेंगांच्या उंचीवर टांगा.

आणि फ्रॉस्ट पडूनच गेला तर? सकाळी सगळं बरंच दिसतं, फसू नका. दुपारी शेंगा उघडून बघा. बहुतेक दाणे अजून पाणीदार असतील तर पीक उभं राहू द्या, जगलेले दाणे भरतील. शेंगा पांढऱ्या पडून तडकायला लागल्या असतील तर मात्र थांबू नका, पण दव असतानाच कापा. भर दुपारी स्वॅथर घातला तर अर्धा माल जमिनीत जाईल. आणि पीक हातचं गेलंय असं वाटलं तरी चाऱ्यासाठी कापण्याआधी मालकाला विमावाल्यांना फोन करायला सांगा.