जुन्या पिकअपचे मागचे ब्रेक परत परत का बिघडतात : गॅरेजला नवीन लागलेल्या पोरांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड करून जी पोरं गॅरेजला लागतात त्यांना ड्रम खोलता येतो, शू बसवता येतात, ब्रेकच्या पाइपातली एअर पण काढता येते, पण तीच गाडी महिन्याभरात त्याच तक्रारीवर परत दारात उभी राहिली की काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय. आमचं गॅरेज जुन्नर भागात. इकडं टोमॅटो, कांदा, दूध सगळं पिकअपवरच, नारायणगावच्या मार्केटला आणायचं नाहीतर माळशेज उतरून कल्याण-वाशीकडं न्यायचं, त्यात गाड्या जुन्या आणि पासिंगपेक्षा जास्त माल भरायची सवय, त्यामुळं मागच्या ब्रेकचं काम आमच्याकडं कायम चालूच असतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. मागं जो पार्ट खराब झालेला दिसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशानं तरी खराब केलेला असतो. लायनर (शूवरचा घासणारा थर) तेलानं भिजलाय म्हणून लायनर बदलला तर काम झालं नाही, तेल कुठून आलं आणि का आलं तिथपर्यंत जावं लागतं.

एक पिकअप आलेली, दूधवाल्या दादांची. तक्रार काय तर उजवं मागचं चाक ब्रेकच धरत नाही, गाडी डावीकडं ओढते. त्याआधी दुसरीकडं लायनर बदलून झालेले, व्हील सिलिंडरचं (तेलाच्या दाबानं शू ड्रमकडं ढकलतो तो) किट टाकून झालेलं, आणि तरी परत लायनर चिंब. दादा म्हणले, "मिस्त्री, आता नवीन सिलिंडरच टाका, कटकट मिटवा." आता नवीन पोरगा असता तर त्यानं लगेच दुकानातून सिलिंडर आणला असता. पण ड्रम काढला की पहिलं काम म्हणजे तेल कुठलं आहे ते ओळखणं. ब्रेक ऑइल पातळ असतं, बोटावर पाण्यासारखं पळतं, आणि बॅकप्लेटचा रंग उडवतं. हाउसिंगचं (मागचा ॲक्सल ज्याच्या आत असतो ते) गिअर ऑइल जाड, काळपट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. व्हील सिलिंडरचं रबर बूट नखानं जरा उचलून बघायचं, आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय, कोरडं असेल तर सिलिंडरला उगाच दोष देऊ नका. इथं बूट कोरडं होतं आणि वास गिअर ऑइलचा. म्हणजे ॲक्सलचं ऑइल सील गेलेलं, हाउसिंगचं तेल चाकाकडं येऊ न देणारी रबरी कडी.

पण थांबा, सील तरी का गेलं? इथंच बरेच जण फसतात, सील ठोकून मोकळे होतात. सील जाण्याची कारणं मोजकीच आहेत. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला असेल तर ॲक्सल हलतो आणि नवीन सीलची ओठ पण थोड्या दिवसात खाल्ली जाते. ॲक्सलवर सील बसतं त्या जागी खाच पडली असेल, नखाला लागते ती, तर कुठलंही सील टाका, गळणारच. हाउसिंगमधे ऑइल जास्त भरलं असेल, लेव्हल प्लगच्या भोकाच्या काठापर्यंतच पाहिजे, त्याच्या वर नाही. आणि चौथं, ज्याच्याकडं कुणीच बघत नाही, ते म्हणजे ब्रीदर. हाउसिंगच्या वर एक छोटी टोपी नाहीतर नळी असते. गाडी पळाली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, ती या ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. शेताच्या वाटेवर फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर चिखलानं गच्च बसतो, मग आतलं प्रेशर जिथं वाट मिळेल तिथून तेल ढकलतं, आणि वाट म्हणजे सील. दादांच्या गाडीत बेअरिंग चांगलं, लेव्हल बरोबर, ब्रीदरची टोपी मात्र मातीनं अशी बसलेली की हाताला नुसता ढेकूळ लागत होता. काढून डिझेलमधे धुतला, हवा मारली, नवीन सील, नवीन लायनर दोन्ही बाजूंना (एकाच चाकाला कधीच बदलायचे नाहीत, गाडी ओढणार), आणि ते गळणं कायमचं थांबलं.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलनं धुवून किंवा टॉर्चनं जाळून परत वापरणारे लोक भेटतील. करू नका. वरून कोरडे दिसतात, घाटात तापले की आतलं तेल परत वर येतं. आणि ड्रममधली धूळ काँप्रेसरनं उडवायची सवय तर आजच सोडा, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत बसते. ओलं फडकं नाहीतर ब्रेक क्लीनर, तोंडाला मास्क, एवढं करा.

आता दुसरा प्रकार, ब्रेक चिकटून राहतो, चाक तापतं, जळका वास येतो. इथं पाना हातात घ्यायच्या आधी डोकं चालवायचं. एक चाक तापतंय का दोन्ही? जुन्या पिकअपला मागं अखंड ॲक्सल असतो, चासीवरून ॲक्सलवर साधारण एकच रबरी होज येतो आणि तिथून टीमधून दोन्ही चाकांना पाइप जातात. म्हणजे दोन्ही चाकं तापत असतील तर दोष दोघांच्या सामाईक जागी, होज, हँडब्रेकची ॲडजस्टमेंट, किंवा अजून वर, पॅडलला जोडलेला मास्टर सिलिंडर. एकच तापत असेल तर त्या चाकापुरतंच काहीतरी, जाम व्हील सिलिंडर, तुटलेली स्प्रिंग, गंजलेली हँडब्रेक केबल. हात लावून तापमान बघू नका, चटका बसेल, जवळ नेऊन अंदाज घ्या, आता टेंपरेचर गन पण स्वस्तात मिळते, घेऊन ठेवा.

मग गाडी उचलून, ब्रेक चिकटलेला असतानाच, त्या चाकाचं निप्पल (एअर काढायचा स्क्रू) सोडा. फस्सकन तेल उडालं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलं होतं. काहीच फरक पडला नाही तर दोष मेकॅनिकल, केबल, लिव्हर, ॲडजस्टर यातच शोधा, हायड्रॉलिकच्या मागं लागू नका. प्रेशर अडकलेलं निघालं तर पुढच्या वेळी चिकटल्यावर होजच्या अलीकडचा, म्हणजे चासीकडचा जॉइंट ढिला करून बघा. तिथं चाक सुटलं तर दोष वरच्या बाजूला, मास्टरच्या पुशरॉडला प्लेच ठेवलेला नाही असं पण निघतं. तिथं सुटलं नाही आणि निप्पलवर मात्र सुटतंय, तर होज आतून फुगलाय. बाहेरून एकदम चकाचक दिसतो, पाय दाबल्यावर जोरात तेल पुढं जातं, पण परत यायला जोर नसतो म्हणून आत अडकून बसतं. असल्या होजपायी लोकांनी दोन दोन वेळा व्हील सिलिंडर बदललेत. बरं, जुन्या गाडीचं निप्पल गंजलेलं असतं, आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, उघड्या पान्यानं कडा गोल झाल्या की संध्याकाळ तिथंच जाते.

पॅडल खाली जातं ही तक्रार आली की लगेच मास्टर सिलिंडर नका सांगू. हँडब्रेक पूर्ण ओढून पॅडल दाबा, पॅडल वर आलं तर मागचे शू ड्रमपासून लांब आहेत, ॲडजस्टर काम करत नाही. ॲडजस्टरचे डावे-उजवे आटे उलटसुलट असतात, कुणीतरी मागच्या कामात अदलाबदल केली असेल तर तो घट्ट व्हायच्या ऐवजी सुटत जातो. म्हणून दोन्ही ड्रम एकदम खोलू नका, एक खोला, दुसरा बघायला राहू द्या. मोबाइलवर फोटो काढायला पण लाजायचं नाही. ड्रमच्या बाजूला जास्तीत जास्त किती व्यास चालतो तो आकडा बहुतेक वेळा ओतलेला असतो, लेथवाल्याकडं टर्निंगला द्यायच्या आधी तो वाचा, कारण मर्यादेच्या पलीकडं गेलेला ड्रम टर्न करून दिला तर नवे लायनर पण पुरे टेकत नाहीत.

आता जी गोष्ट मला वाटतं सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे ती, एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह), म्हणजे मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह. ज्या गाडीला आहे तिच्या चासीवर मागं एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला, गाडी बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं, रिकामी असताना कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. आपले लोक काय करतात, माल जास्त भरायचा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवतात. पाटे वाढले की भरलेली गाडी पण खाली बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि तो मागचं प्रेशर कापत राहतो. मग तक्रार काय येते, ब्रेक लागत नाही, पुढचे पॅड सारखे संपतात, आणि मागचे लायनर बघावे तर नव्यासारखे. ही खूण लक्षात ठेवा. काही महाभाग दांडी तारेनं वर बांधून टाकतात, फुल प्रेशर मिळतं म्हणून. तीच गाडी पावसात रिकामी पळवा, मागची चाकं लॉक होतात आणि बूड पुढं यायला बघतं. दांडीची सेटिंग गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायची, आणि मालकाला सांगायचं की वाढवलेल्या पाट्यांवर ही सेटिंग बरोबर राहणार नाही.

याच व्हॉल्व्हमुळं एअर काढताना पण घोळ होतो. चासीला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्ह मागचा रस्ता आवळतो, निप्पलमधून तेल थेंब थेंब येतं, आणि पोरगं बिचारं पॅडल मारून दमतं. स्टँड ॲक्सलखाली लावा. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ३ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सियस धरलेला असतो, पाणी प्यायलं की १४० पर्यंत उतरतो, डॉट ४ चा २३० वरून १५५. घाटात सतत ब्रेकवर पाय असला की ही मर्यादा ओलांडते, आत वाफ होते आणि पॅडल तळाला जातं, आणि थंड झाल्यावर तुमच्या गॅरेजसमोर पॅडल एकदम कडक. ड्रायव्हर खोटं बोलत नसतो. रबरी कप डिझेलमधे किंवा इंजिन ऑइलमधे धुवू नका, फुगतात, ब्रेक ऑइलच वापरा.

पैशाचं पण बोलू, कारण नवीन पोरं इथंच मार खातात. मालकाला लायनरचे पैसे द्यायला काही वाटत नाही पण "बघायचे" पैसे जड जातात. मी तर गाडी उचलायच्या आधीच सांगतो, दोष शोधायची मजुरी वेगळी, सापडल्यावर काय लागेल ते दाखवून मगच आणणार. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्या, बुजलेला ब्रीदर किंवा कापून दाखवलेला होज बघितला की घासाघीस आपोआप कमी होते. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी लागतं, तिथं ब्रेक तपासतातच, त्यामुळं मालक तसाही तुमच्याकडं येणारच आहे. गाडीचा नंबर, किलोमीटर, काय निघालं, कशामुळं निघालं, एवढं वहीत लिहून ठेवत जा.

काम झालं की रिकाम्या सपाट रस्त्यावर हळू वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून हलका ओढून बघा, गाडी लाटा मारल्यासारखी धरत-सोडत असेल तर मागचा ड्रम ओव्हल आहे. ब्रेक न दाबता थोडं अंतर चालवून परत या, चारही चाकांचं तापमान बघा, आणि मालकाला सांगा लायनर बसेपर्यंत घाटात भरलेली गाडी नेऊ नको, आठवड्यानं ॲडजस्टमेंट बघायला घेऊन ये.