अंगदुखीवर स्टिरॉइड घेण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षछाटणीच्या दिवसांत अंग सगळ्यांचंच दुखतं आणि दोन-चार दिवसांत उतरतं. स्नायूंना सूज आली, म्हणजे मायोसायटिस झाला, तर दुखण्यापेक्षा ताकद जास्त जाते, तीही मांड्या आणि खांद्यांतली. हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठून पाहा. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल, केस विंचरताना हात गळून येत असेल, तर हा निव्वळ थकवा नाही.

अशा दुखण्यामागे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असू शकतो, पण बहुतेकांत कारण वेगळंच निघतं: विषाणूताप, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, संधिवाताच्या गटातले आजार. ल्युकेमियाची सुरुवात अशी क्वचितच होते. पण जोडीला चेहरा पांढरा पडणं, उलटून येणारा ताप, हिरड्यांतून रक्त, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मानेत गाठी किंवा हाडं दुखून रात्री उठणारं, लंगडणारं मूल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासण्या दोन. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, साधारण २०० युनिटपर्यंत असतं, मायोसायटिसमध्ये ते हजारांत जाऊ शकतं. आधीचे दोन-तीन दिवस जड काम नको आणि कमरेत सुई नको, दोन्हींनी आकडा फुगतो. दुसरी सीबीसी, पण ‘स्मिअरसह’ (स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसत्या मशिनच्या आकड्यांवर विसंबू नका: ल्युकेमियात पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० मध्येही असू शकतात आणि कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, मशिन कधी कधी दुसऱ्याच खात्यात मोजतं. पॅथॉलॉजिस्टने काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवी. पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू म्हणून सोडून देतात. ताप उतरून आठवडा झाला तरी त्या १.५ लाखांवर येत नसतील, तर सीबीसी आणि स्मिअर पुन्हा करा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दुखणं थांबावं म्हणून स्टिरॉइड दिलं जातं, रुग्णाला बरंही वाटतं. पण ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात तेच औषध कच्च्या पेशी मारतं, बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात) आजार पुसट होतो आणि निदान लांबतं. प्लेटलेट कमी असताना सुई टोचली तर स्नायूत रक्त साचतं, ते वेगळंच.

लघवी काळ्या चहासारखी झाली, गिळताना किंवा श्वासाला त्रास झाला, तर सरळ इमर्जन्सीत जा.

स्मिअरमध्ये ब्लास्ट दिसले तर त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञ गाठा. मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात जायचं ठरलं तर रिपोर्टबरोबर स्लाइडही मागून न्या. स्टिरॉइडचा एक डोस जरी गेला असेल, तरी नाव, मिलिग्रॅम आणि तारीख सांगा.